मधुमेह, पेशींचे वय आणि हृदयाचा धोका

एकाच वयाचे दोन मधुमेही घ्या. दोघांचा आजार दहा वर्षांचा, एचबीएवनसीचा (म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांतल्या सरासरी साखरेचा) आकडा सारखा, रक्तदाबही जवळपास तेवढाच. तरी एकाला हृदयविकाराचा झटका येतो आणि दुसरा सत्तरीतही ठणठणीत असतो. मधुमेहामुळे हृदयाच्या रोहिण्यांच्या विकाराचा धोका साधारण दुप्पट होतो, हे मोठ्या पाहण्यांतून पक्के ठाऊक आहे. पण ही झाली सरासरी. ती सगळ्यांच्या वाट्याला सारखी येत नाही. हा फरक कुठून येतो हे शोधता शोधता संशोधक पेशीच्या केंद्रकापर्यंत पोचले आहेत.

तिथे पहिल्यांदा भेटतो टेलोमिअर, म्हणजे गुणसूत्राचे टोक. प्रत्येक गुणसूत्राच्या टोकाला टीटीएजीजीजी ही डीएनएची सहा अक्षरे पुन्हा पुन्हा लिहिलेली असतात. पेशीचे विभाजन होताना डीएनएची नक्कल करणाऱ्या यंत्रणेला अगदी शेवटचा भाग उतरवता येत नाही, म्हणून दर विभाजनागणिक हे टोक थोडे झिजते. माणसाच्या पेशी प्रयोगशाळेत ४० ते ६० वेळा विभागून थांबतात, हे लिओनार्ड हेफ्लिक आणि पॉल मूरहेड यांनी १९६१ मध्ये दाखवले. टेलोमिअर गुणसूत्रांचे रक्षण कसे करतात हे उलगडल्याबद्दल एलिझाबेथ ब्लॅकबर्न, कॅरल ग्रायडर आणि जॅक शोस्टाक यांना २००९ चे नोबेल मिळाले.

मधुमेहात ही झीज वेग घेते. रक्तात साखर जास्त असली की पेशीतल्या मायटोकाँड्रियातून, म्हणजे ऊर्जा तयार करणाऱ्या भागांतून, ऑक्सिजनचे आक्रमक रेणू अधिक सुटतात. डीएनएच्या चार अक्षरांपैकी जी, म्हणजे ग्वानिन, त्यांना सर्वांत लवकर बळी पडते, आणि टेलोमिअरच्या सहा अक्षरांत तीन जी आहेत. त्यामुळे पेशी विभागली नाही तरी टोकाला इजा होतच राहते.

टोक फार आखूड झाले की पेशी विभाजन कायमचे थांबवते. पण ती मरत नाही. ती जागेवर बसून दाह वाढवणारी रसायने सोडत राहते आणि शेजारच्या निरोगी पेशींनाही बिघडवते. रोहिणीच्या आतल्या अस्तरात अशा म्हाताऱ्या पेशी साठल्या की रोहिणी सैल करणारा नायट्रिक ऑक्साइड कमी तयार होतो, रोहिणी सैल पडेनाशी होते, पांढऱ्या पेशी अस्तराला चिकटतात आणि कोलेस्टेरॉलला आत शिरायला वाट मिळते.

मग टेलोमिअर मोजून घ्यावेत का? ज्यांचे टेलोमिअर सर्वांत आखूड आहेत अशा एक-तृतीयांश लोकांत हृदयरोहिणीविकाराचा धोका, सर्वांत लांब टेलोमिअरवाल्यांपेक्षा सुमारे ५० टक्क्यांनी जास्त आढळतो. तरीही एका व्यक्तीसाठी या चाचणीचा उपयोग मला फारच थोडा वाटतो. मोजमाप रक्तातल्या पांढऱ्या पेशींचे होते, रोहिणीचे नव्हे. शिवाय टेलोमिअरची लांबी जन्मतःच माणसागणिक खूप वेगळी असते. आणि ते लांब असणे म्हणजे निव्वळ फायदा, असेही नाही: ज्यांना जनुकांमुळे लांब टेलोमिअर मिळतात त्यांना हृदयविकार कमी, पण अनेक प्रकारचे कर्करोग जास्त होतात. ‘टेलोमिअर वाढवणाऱ्या’ गोळ्यांची जाहिरात पाहताना हे जरूर आठवावे.

मला याहून महत्त्वाची वाटते ती नवव्या गुणसूत्रावरची एक जागा, ९पी२१. तिथल्या काही बदलांमुळे हृदयविकाराचा धोका वाढतो, हे २००७ मध्ये स्वतंत्र संशोधक गटांनी जवळपास एकाच वेळी दाखवले. हे बदल कोणतेही प्रथिन बनवणाऱ्या भागात नाहीत. पण त्यांच्या अगदी शेजारी पी१६ या प्रथिनाचे जनुक आहे, आणि पी१६ हीच पेशी म्हातारी झाल्याची सर्वांत जास्त वापरली जाणारी खूण. हे बदल नेमके कोणत्या वाटेने काम करतात यावर अजून वाद आहे, तरी हा शेजार विचार करायला लावणारा आहे. पुढच्याच वर्षी टाइप २ मधुमेहींच्या अभ्यासात असे दिसले, की ९पी२१ च्या (आई आणि वडील यांच्याकडून आलेल्या) दोन्ही प्रती धोक्याच्या असल्या आणि साखर आटोक्यात असली तर धोका जवळपास दुप्पट होतो. साखर दीर्घकाळ चढी राहिली तर तोच चौपटीच्या आसपास जातो. जनुक तेच, पण साखरेने त्याचा जोर वाढला.

२०१३ मध्ये पहिल्या गुणसूत्रावर, ग्लुटामिन तयार करणाऱ्या एन्झाइमच्या जनुकाजवळ, आणखी विलक्षण बदल सापडला. मधुमेहींमध्ये तो धोका ३६ टक्क्यांनी वाढवतो. मधुमेह नसलेल्यांत त्याचा काहीच परिणाम दिसत नाही.

साखरेची आठवणही पेशीत उरते. टाइप १ मधुमेहींच्या डीसीसीटी या अभ्यासात एका गटाची साखर सरासरी साडेसहा वर्षे काटेकोर सांभाळली गेली, दुसऱ्याला नेहमीचे उपचार मिळाले. १९९३ मध्ये अभ्यास संपला आणि काही वर्षांत दोन्ही गटांची साखर सारखीच झाली. तरी २००५ मध्ये हिशेब मांडला तेव्हा पहिल्या गटात हृदय व रक्तवाहिन्यांच्या घटना ४२ टक्क्यांनी कमी होत्या. डीएनएभोवतीच्या प्रथिनांवर उमटणाऱ्या रासायनिक खुणा हे यामागचे एक कारण मानले जाते.

उलट, ॲकॉर्ड या अभ्यासात हृदयाचा धोका जास्त असलेल्या, मधुमेह जुना झालेल्या रुग्णांची साखर अतिशय खाली आणली गेली. त्यांच्यात मृत्यू वाढले आणि २००८ मध्ये ते उपचार वेळेआधीच थांबवावे लागले. पुढे त्याच रुग्णांचे जनुक तपासले तेव्हा दोन जागा अशा मिळाल्या, की त्यांवरून रुग्णांचे गट पाडता आले: एका गटात कडक उपचारांनी हृदयविकाराचे मृत्यू घटले होते, दुसऱ्यात वाढले होते. जनुकीय खुणांचा खरा उपयोग मला इथे दिसतो. कोणाला किती कडक उपचार द्यायचे हे त्या सांगू शकल्या तर जीव वाचतील. मात्र हे विश्लेषण श्वेतवर्णीय रुग्णांपुरते होते; इतर वंशांच्या लोकांत ते पडताळल्याशिवाय दवाखान्यात वापरता येणार नाही.

तोवर एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) आणि रक्तदाबाबरोबर लघवीतल्या अल्ब्युमिन या प्रथिनाची साधी तपासणी वर्षातून एकदा व्हायलाच हवी. अल्ब्युमिन झिरपू लागले, तर मूत्रपिंडातल्या सूक्ष्म वाहिन्यांच्या अस्तराला इजा झालेली असू शकते, आणि तीच इजा बहुतेकदा हृदयाच्या रोहिण्यांतही सुरू झालेली असते.