खुलासा : ‘१९९१ नंतर सोमाली लोकांत सरकारच उरलं नाही’

सोमालियाचे हुकूमशहा सियाद बारे यांची राजवट १९९१ मध्ये कोसळल्यापासून हे वाक्य फिरतंय. राजधानी मोगादिशूपुरतं ते बरीच वर्षं खरं होतं, पण मोगादिशू म्हणजे सगळा सोमाली मुलूख नव्हे.

वायव्येला सोमालीलँडने मे १९९१ मध्येच वेगळी चूल मांडली. १९९३ मध्ये बोरामा गावात कुळांचे वडीलधारे महिनोन्‌महिने चर्चेला बसले, वैरं मिटवली, राज्यकारभाराची घडी बसवली. ‘गुर्ती’ हे ज्येष्ठांचं सभागृह तिथे संसदेचाच भाग आहे. हा प्रदेश एकट्या इसाक कुळाचा, हाही गैरसमजच. २००३ ची अध्यक्षीय निवडणूक गदाबुर्सी कुळाचे दाहिर रियाले काहिन जिंकले. आयोगाने जाहीर केलेला फरक अवघा ८० मतांचा! हरलेले सिलान्यो २०१० मध्ये निवडून आले, तेव्हा रियाले यांनी मुकाट्याने सत्ता सोडली. याला अराजक कसं म्हणायचं?

ईशान्येच्या पुंटलँडनेही १९९८ पासून स्वतःचा कारभार चालवला, मात्र सोमालियात राहूनच.

‘सगळे उंटपाळ, सगळ्यांची एकच बोली’ हेही चूक. जुबा-शबेले नद्यांच्या खोऱ्यात ज्वारी पिकवणारे रहनवेन कुळांचे लोक ‘माय’ ही वेगळी बोली बोलतात. बंटू शेतकरी आणि किनाऱ्यावरचे बाजुनी या अल्पसंख्याकांना तर सोमालियातल्या सत्तावाटपाच्या वाटाघाटींत फार उशिरा जागा मिळाली, तीही मोठ्या कुळांच्या निम्मी.