नवरा इतका उशिरा का जागा होतो?

मागच्या वर्षी एका जवळच्या मित्राचा रात्री साडेअकराला फोन आला. पहिली दोन-तीन मिनिटं त्याला धड बोलताच येत नव्हतं, मग म्हणाला, "ती म्हणतेय आता बस झालं, आपण वेगळं होऊया." लग्नाला अकरा वर्षं झालेली. मी विचारलं, काही मोठं भांडण झालं का, तर म्हणाला, "अरे तेच तर कळत नाहीये, गेले सहा-सात महिने आमच्यात एकही भांडण नाही, मला तर वाटत होतं आता सगळं सुरळीत चाललंय."

ते ऐकून माझ्या पोटात गोळाच आला. नवरा-बायकोच्या नात्यावर गेल्या चाळीस-पन्नास वर्षांत जो रिसर्च झालाय तो मी आवडीने वाचत आलोय आणि त्याने सांगितलेली गोष्ट त्यात बसत होती, म्हणजे भांडणं थांबली की दर वेळी ती मिटलेलीच असतात असं नाही, कधीकधी एका माणसाने सांगणंच सोडून दिलेलं असतं. त्याला जे सहा महिने शांततेचे वाटले ते तिच्यासाठी बहुतेक आवराआवरीचे होते.

असं फक्त त्याच्याच घरात झालं असं नाही. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या मायकेल रोझेनफेल्ड यांनी २००९ ते २०१५ या काळात अमेरिकेतल्या दोन हजारांहून जास्त लोकांचा मागोवा घेतला होता. त्यात नवरा-बायकोंचे जे घटस्फोट झाले त्यातल्या साधारण ६९ टक्के वेळा वेगळं व्हायचं बायकोच्या मनात होतं, पण लग्न न करता एकत्र राहणारी जोडपी तुटली तेव्हा बाई आणि पुरुष यांच्यात असा फरक दिसला नाही. हा आकडा एका देशातला आहे, सगळीकडे जसाच्या तसा लावू नये, तरी "मला काही कल्पनाच नव्हती" म्हणणारे नवरे इतके का असतात हा प्रश्न उरतोच.

याचं एक उत्तर लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या अँड्र्यू ख्रिस्तेनसेन यांच्या कामात सापडतं. एकजण काहीतरी मागत राहतो, तक्रार करतो, मागे लागतो आणि दुसरा विषय टाळतो, गप्प होतो, उठून जातो, या चक्राचा त्यांनी अनेक वर्षं अभ्यास केला. आपण पटकन म्हणून टाकतो की बायका कटकट करतात आणि पुरुष असेच असतात. १९९० मध्ये ख्रिस्तेनसेन आणि ख्रिस्तोफर हेवी यांनी एक साधी युक्ती केली, जोडप्यांना दोन वेगवेगळ्या विषयांवर बोलायला लावलं, एकदा बायकोला जो बदल हवाय त्यावर आणि एकदा नवऱ्याला जो हवाय त्यावर. बायकोच्या विषयावर बोलताना बायको मागे लागणार आणि नवरा अंग काढून घेणार हे ठरलेलं चित्र स्पष्ट दिसलं, पण नवऱ्याच्या विषयावर बोलताना तो फरक जवळपास नाहीसाच झाला. म्हणजे स्वभाव वगैरे असेलही थोडाफार, पण ज्याचं आहे त्यात भागतंय तो बोलणं टाळतो आणि ज्याला टोचतंय तो बोलत राहतो, हे त्यात मोठं कारण आहे. माझ्या मित्राचं भागत होतं, तिचं नव्हतं, आणि तिने वर्षानुवर्षं सांगून पाहिलं होतं.

आता तो गप्प का बसायचा, हेही नीट समजून घ्यायला हवं, कारण बाहेरून दिसतं ते आणि आत चाललेलं असतं ते यात फार अंतर असतं.

सिएटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठात जॉन गॉटमन आणि बर्कलीचे रॉबर्ट लेव्हनसन यांनी जोडप्यांना समोरासमोर बसवून, अंगाला तारा लावून, त्यांच्या नेहमीच्या वादाच्या विषयावर बोलायला सांगितलं. हृदयाचे ठोके, हाताला सुटणारा घाम, खुर्चीतली चुळबुळ, सगळं मोजलं जात होतं. त्यात दिसलं की वाद चढत गेला की काहींचे ठोके मिनिटाला शंभरच्या वर जातात. शरीराला वाटतं समोर धोका आहे, अ‍ॅड्रेनलिन वाढतं, आणि त्या अवस्थेत समोरच्याचं बोलणं कानावर पडतं पण डोक्यात शिरत नाही, विनोद सुचत नाही, माफी सुचत नाही, सुचतं ते फक्त उलटून बोलणं नाहीतर तिथून निघून जाणं. गॉटमन याला पूर येणं म्हणतात. चेहरा दगडासारखा करून गप्प बसणारे त्यांच्या पाहणीत साधारण ८५ टक्के पुरुष होते.

ते दृश्य डोळ्यासमोर आणा. ती बोलतेय, तो टेबलावरच्या मोबाइलकडे बघत अंगठ्याने स्क्रीन वरखाली करतोय, वाचत काहीच नाहीये, जबडा आवळलेला, मानेवरची शीर उडतेय. त्याला वाटतंय मी तोंड उघडलं तर वाढेल, त्यापेक्षा गप्प बसलेलं बरं. तिला समोरून दिसतंय ते एवढंच की मी रडतेय आणि याला मोबाइल महत्त्वाचा आहे. दोघांचंही आपापल्या जागी बरोबर आहे आणि तरी त्या दहा मिनिटांत नात्याचं जे व्हायचं ते नुकसान होतंच.

याच प्रयोगशाळेत एक फार सोपा प्रयोग झाला होता, तो मला सगळ्यात जास्त आवडतो. मशीनमध्ये बिघाड झालाय असं सांगून वाद मध्येच थांबवला आणि दोघांना वीस-तीस मिनिटं मासिकं वाचत बसायला सांगितलं, विषयावर अजिबात बोलायचं नाही. परत बसवल्यावर ठोके खाली आलेले होते आणि तेच नवरा-बायको त्याच विषयावर कितीतरी समजुतीने बोलायला लागले. म्हणून भांडणात "मला अर्धा तास दे, मग मी स्वतः येऊन बोलतो" असं म्हणणं आणि काही न बोलता दार ओढून निघून जाणं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. अट एकच, अर्ध्या तासाने खरंच परत यायचं आणि त्या अर्ध्या तासात मनातल्या मनात तिला द्यायची उत्तरं घोटत बसायचं नाही, नाहीतर ठोके उतरतच नाहीत.

गॉटमन यांच्याबद्दल एक गोष्ट सांगायलाच हवी. "पंधरा मिनिटं बघून ९० टक्के अचूक सांगतात की घटस्फोट होणार की नाही" असं त्यांच्याबद्दल सगळीकडे फिरत असतं, त्यावर विश्वास ठेवून घाबरू नका. २००१ मध्ये रिचर्ड हेमन आणि एमी स्मिथ स्लेप यांनी दाखवून दिलं की ज्या जोडप्यांवरून सूत्र बसवलं त्याच जोडप्यांवर ते तपासलं की अचूकता फुगलेली दिसते, नव्या जोडप्यांवर लावलं की बरीच खाली येते. तुमच्या लग्नाचं काय होणार हे कोणताही फॉर्म्युला आधीच सांगू शकत नाही. पण कुठली वागणूक नात्याला पोखरते यातलं त्यांचं निरीक्षण कामाचं आहे, आणि त्यात सगळ्यात वाईट तुच्छता, म्हणजे डोळे फिरवणं, नक्कल करणं, "तुला काय कळतं" म्हणणं. हे ज्या घरात रोजचं झालंय तिथे बाकीचे उपाय करण्याआधी हे थांबवावं लागतं.

आता मित्राकडे येतो. त्या फोननंतरच्या पंधरा दिवसांत त्याने जे केलं ते बहुतेक नवरे करतात. दिवसाला तीस-चाळीस मेसेज. तिच्या आईला फोन, बहिणीला फोन, "तुम्ही तिला समजवा ना." अचानक भेटवस्तू. रडणं, शपथा, "मी बदललोय" असं रोज सांगणं. मनापासून करत होता सगळं, मी साक्षीदार आहे. आणि ती प्रत्येक दिवशी आणखी लांब जात होती.

ख्रिस्तेनसेन यांचं चक्र इथे आठवा. आता बदल कोणाला हवाय? त्याला. म्हणून तो मागे लागला आणि ती अंग काढून घ्यायला लागली, चक्र तेच, फक्त जागा बदलल्या. वर तिच्या बाजूने बघितलं तर अकरा वर्षं जे मागितलं ते मिळालं नाही आणि निघते म्हटल्यावर पंधरा दिवसांत मिळतंय, याचा तिला आनंद होण्यापेक्षा राग येणंच जास्त स्वाभाविक आहे.

अजून एक अडचण असते, आणि ती कळली नाही तर माणूस लवकर हताश होतो. १९८० मध्ये एलिझाबेथ रॉबिन्सन आणि गेल प्राइस यांनी जोडप्यांच्या घरी तटस्थ निरीक्षक बसवले आणि एकमेकांशी केलेल्या चांगल्या वागण्याची नोंद ठेवली, तशीच नोंद नवरा-बायकोंनाही ठेवायला सांगितली. सुखी जोडप्यांच्या नोंदी निरीक्षकांशी बऱ्यापैकी जुळल्या, पण दुखावलेल्या जोडप्यांना समोरच्याचं जवळपास निम्मं चांगलं वागणं दिसलंच नव्हतं. मुद्दाम नाही. मन दुखावलेलं असलं की नजर चुका टिपत राहते आणि चांगलं निसटून जातं. शिवाय आपलं आपल्याला जास्त दिसतं ते वेगळंच, १९७९ मध्ये मायकेल रॉस आणि फिओरे सिकोली यांनी नवरा-बायकोंना घरातल्या कामांत आपला वाटा किती ते वेगवेगळं विचारलं तर दोघांची बेरीज बहुतेक कामांत शंभर टक्क्यांच्या वर गेली. मित्र मला म्हणायचा, "मी इतकं करतोय, तिला दिसत कसं नाही?" अरे, खरंच दिसत नसेल, आणि दिसलं तरी विश्वास बसायला त्याच गोष्टी महिनोन्‌महिने, कोणी शाबासकी न देता घडाव्या लागतात.

जवळ घेऊन सगळं ठीक होईल हाही एक समज. जेम्स कोन यांनी २००६ मध्ये १६ विवाहित बायकांना एमआरआय मशीनमध्ये झोपवून, पायाला हलका शॉक बसेल अशी सूचना देत मेंदू बघितला, एकदा नवऱ्याचा हात हातात, एकदा अनोळखी माणसाचा, एकदा कोणाचाच नाही. नवऱ्याचा हात असताना धोक्याला प्रतिसाद देणारे मेंदूचे भाग सगळ्यात शांत होते, पण ज्यांचं लग्न जास्त सुखाचं त्यांच्यात हा परिणाम जास्त होता. म्हणून मला वाटतं की हात धरण्यातली जादू हातात नसते, आधीच्या वर्षांत असते. तिला नको असताना मिठी मारायला जाणं हा उपाय नाही.

मग उपाय काय? गॉटमन यांनी १९९० च्या सुमारास १३० नवविवाहित जोडपी एका अपार्टमेंटसारख्या प्रयोगशाळेत बोलावून त्यांचा दिवस बघितला होता. त्यात त्यांचं लक्ष छोट्या हाकांकडे गेलं. म्हणजे ती खिडकीत उभी राहून म्हणते, "बघ, तो पक्षी परत आलाय." तिला पक्ष्याबद्दल चर्चा करायची नसते, तू ये एवढंच असतं. तो उठून जातो, किंवा निदान मान वर करून "कुठे?" म्हणतो, किंवा "हं" म्हणून स्क्रोल करत राहतो. सहा वर्षांनी ज्यांची लग्नं टिकली होती त्यांनी त्या वेळी अशा १०० हाकांपैकी ८६ ना प्रतिसाद दिला होता, ज्यांचा घटस्फोट झाला त्यांनी ३३ ना. भेटवस्तू आणि शपथा यांच्यापुढे हे किती किरकोळ वाटतं ना, पण तिने हाका मारणं बंद केलेलं असतं ते याच न दिलेल्या उत्तरांमुळे.

दुसरी गोष्ट लिहिण्याची. एली फिंकेल आणि सहकाऱ्यांनी १२० जोडप्यांवर दोन वर्षं अभ्यास केला. पहिल्या वर्षी सगळ्यांचंच समाधान थोडं थोडं घसरत होतं. दुसऱ्या वर्षी निम्म्यांना दर चार महिन्यांनी सात मिनिटं एक काम दिलं, झालेलं भांडण अशा तिसऱ्या माणसाच्या नजरेतून लिहायचं ज्याला दोघांचंही भलं हवंय. वर्षात फक्त २१ मिनिटं, आणि या जोडप्यांची घसरण थांबली, बाकीच्यांची चालूच राहिली. ही जोडपी घटस्फोटाच्या दारात नव्हती हे खरं, पण हे काम एकट्याने, बायकोला काही न मागता करता येतं म्हणून मी मित्राला हेच आधी सुचवलं.

आणि काउन्सेलिंग. एकाला राहायचंय, दुसऱ्याला निघायचंय अशा जोडप्याला थेट "नातं सुधारा" म्हणून बसवलं की बहुतेक वेळा फसतं, कारण सुधारायचं की नाही हेच ठरलेलं नसतं. मिनेसोटा विद्यापीठाच्या विल्यम डोहर्टी यांनी यासाठी जास्तीत जास्त पाच बैठकांची वेगळी पद्धत काढली, त्यात नातं सुधारायचं नसतं, पुढे काय करायचं ते फक्त ठरवायचं असतं, आणि काउन्सेलर दोघांशी बराच वेळ वेगवेगळा बोलतो. त्यांच्या १०० जोडप्यांपैकी ४७ जोडप्यांनी नात्याला खरा प्रयत्न द्यायचं ठरवलं, ४१ जोडप्यांनी वेगळं व्हायचं. ख्रिस्तेनसेन यांच्या १३४ अतिशय त्रासलेल्या जोडप्यांच्या अभ्यासातही थेरपीनंतर पाच वर्षांनी साधारण निम्मी जोडपी स्पष्ट सुधारलेली होती आणि चौथा हिस्सा वेगळा झाला होता. हे आकडे मी मित्राला जसेच्या तसे सांगितले, कारण त्या वेळी खोटी आशा देणं म्हणजे त्याचा आणि तिचा दोघांचा छळ झाला असता. आणि जिथे मारहाण आहे, भीती आहे, तिथे वरचं काहीच लागू नाही, तिथे तिचं निघून जाणंच बरोबर आहे.

मित्राने मेसेज थांबवले. सासरी फोन थांबवले. तिला एकदाच सांगितलं, "तू इतकी वर्षं सांगत होतीस, मी ऐकलं नाही. तुला वेळ लागेल तितका घे." त्यानंतर त्याला सर्वात जड गेलं ते तिने जुनी एखादी गोष्ट काढली की मध्ये न बोलता ऐकणं, मनगटावरचं घड्याळ ११० ठोके दाखवत असताना. काउन्सेलरकडे दोन बैठका झाल्यात, तिचा निर्णय अजून झालेला नाही. गेल्या आठवड्यात त्याचा फोन आला, या वेळी संध्याकाळी. म्हणाला, काल ती ऑफिसमधून आली आणि चप्पल काढता काढता म्हणाली, "आज काय झालं माहितीये?" आणि त्याने हातातला मोबाइल उलटा ठेवला आणि विचारलं, काय झालं.