शेजाऱ्याचा व्यायाम तुमच्या कंबरेला का चालत नाही

आमच्याकडं कुणी कंबर धरली की पहिला डॉक्टर शेजारीच. 'माझं ह्यानंच गेलं बघ' म्हणत मोबाईलवर व्हिडिओ पाठवतो, पालथं झोपून छाती वर उचलायची. वडगावातला तिशीचा विणकर, दिवसभर मागावर वाकलेला, वाकलं की कळ पोटरीपर्यंत उतरते, त्याला हे लागू पडेलही. पण खानापूरच्या सत्तरीतल्या आजीचे पाय थोडं चाललं की भरून येतात आणि कट्ट्यावर बसली की मोकळे होतात, तिनं तोच व्हिडिओ बघून केलं तर दुखणं वाढू शकतं, कारण तिच्या मणक्यातली नसांची वाट अरुंद झालेली असते, मागं वाकलं की आणखी आवळते. (असली माणसं हँडलवर वाकून सायकलनं बाजार करून येतात, पण चालत जा म्हटलं की मधेच बसतात.)

म्हणून चांगला फिजिओ आल्याआल्या मशीन लावत नाही. एकच हालचाल दहा-दहा वेळा करायला लावतो आणि विचारत राहतो, आता कळ कुठं आहे? पोटरीतली कळ वर सरकून कंबरेत आली तर कंबर जरा जास्त दुखली तरी तो खूश, कुठल्या बाजूला वाकायचा व्यायाम द्यायचा ती दिशा सापडली! न्यूझीलंडचे फिजिओ रॉबिन मॅकेन्झी यांना हे १९५६ मध्ये योगायोगानंच दिसलं, पेशंट डोक्याकडची बाजू वर असलेल्या टेबलावर पालथा पडून राहिला आणि उठला तर पायातली कळ गेलेली.

आणि एमआरआयमध्ये (दोन मणक्यांमधली) 'गादी सरकलीय' वाचून घाबरू नका. काहीच दुखत नसलेल्या ३,११० लोकांच्या स्कॅनचा आढावा २०१५ मध्ये आला, त्यात विशीतल्या ३० टक्के लोकांची गादी फुगलेली होती, ऐंशीत ८४ टक्के.

पुढं प्रश्न कामाचा. निपाणीत मांडीवर सूप घेऊन विड्या वळणाऱ्या मावशीला 'मान दुखालीया, तर आराम करा' सांगून काय उपयोग, मजुरी हजारावर मिळते. त्यापेक्षा सूप उंच पाटावर ठेवा, पाठ भिंतीला टेकवा, थोड्या विड्या झाल्या की उठून खांदे फिरवा, हे तिला जमतं, आणि जमतं तेच ती करते.

मात्र लघवी-संडासावरचा ताबा सुटला किंवा जांघेत बधिरपणा आला तर व्यायाम बाजूला, त्याच दिवशी मोठा दवाखाना गाठायचा.