लुप्त निर्मात्यांची महारचना

लुप्त निर्मात्यांची महारचना : प्रचंड कृत्रिम बांधकाम उभे आहे, पण ते बांधणारे नाहीसे झाले आहेत, अशा वेळी केवळ बांधकामावरून बांधणाऱ्यांविषयी अनुमान काढणे. खगोलशास्त्रात ही कल्पना परग्रहवासीयांच्या शोधातून आली. अवकाशात असे बांधकाम अजून एकही सापडलेले नाही. जमिनीवर मात्र हा प्रश्न जुना आहे आणि बेळगाव, खानापूर, गोकाककडच्या माणसाला तो चांगला ओळखीचा आहे.

गोकाक धबधब्याजवळ कोण्णूर येथे शिळांच्या बृहदश्मयुगीन, म्हणजे प्रचंड दगडांच्या वास्तू उभारणाऱ्या प्राचीन काळातल्या, कोठड्या आहेत. लोक त्यांना पांडवांची घरे म्हणतात. एवढाले दगड साध्या माणसाला कसे हलतील? भीमच हवा. कोप्पळ जिल्ह्यातल्या हिरेबेणकल येथील टेकडीवरही अशाच कोठड्या शेकड्यांनी आहेत, पण तिथली दंतकथा त्या मोरेर नावाच्या बुटक्या लोकांनी बांधल्या असे सांगते, कारण आत ताठ उभे राहता येत नाही. म्हणजे एकाच जातीच्या बांधकामावरून, दगडाचे वजन पाहणाऱ्याने महाबली कल्पिले आणि छताची उंची पाहणाऱ्याने खुजे. वास्तविक बृहदश्म वास्तू बव्हंशी मृतांसाठी आहेत. त्या तुमच्याआमच्यासारख्या माणसांनी बांधल्या. घर समजून मोजले म्हणून माप चुकले. या विषयातला सर्वांत मोठा धोका हाच आहे.

मराठी मुलखात चुन्याविना रचलेले कोणतेही जुने देऊळ हेमाडपंती ठरते. हेमाद्री हा देवगिरीच्या यादवांचा तेराव्या शतकातला मंत्री. पण कथेत तो बिभीषणाला बरे करून लंकेतले राक्षस कामाला आणतो. बेळगाव किल्ल्यातली कमल बस्ती हे जैन मंदिर रट्ट राजघराण्याच्या राज्यात 1204 च्या सुमारास झाली, म्हणजे हेमाद्रीच्या मंत्रिपदाच्या कितीतरी आधी. कित्तूरजवळच्या देगाव येथील कमलनारायण मंदिराबद्दल तर काहीच कल्पावे लागत नाही. ते कदंब राजघराण्याची राणी कमलादेवी हिने बाराव्या शतकात बांधवले आणि तिप्पोज या स्थपतीचे नावही तिथल्या कोरीव लेखातून कळते. लेख असला की राक्षसांची गरज उरत नाही.

अवकाशातल्या महारचनेवर लेख सापडला तरी तो वाचायचा कुणी? म्हणून शास्त्रज्ञ उष्णतेकडे वळले. भौतिकशास्त्रज्ञ फ्रीमन डायसन यांनी 1960 साली असे मांडले की, पुढारलेला समाज आपल्या ताऱ्याची जवळजवळ सगळी ऊर्जा वापरू लागेल. त्यांच्या हिशोबाने गुरू ग्रहाएवढे द्रव्य पृथ्वीच्या दुप्पट अंतरावर सूर्याभोवती पसरले, तर दोन-तीन मीटर जाडीचे कवच होते. डायसन यांना एकसंध कवच अभिप्रेत नव्हते, सुट्या घटकांचा थवा अभिप्रेत होता. तरी ‘डायसन गोल’ हेच नाव रुळले. ऊर्जा कशीही वापरली तरी शेवटी ती उष्णता होऊन बाहेर पडते. म्हणून असा तारा दृश्य प्रकाशात मंद आणि सुमारे 10 मायक्रॉन तरंगलांबीच्या अवरक्त किरणांत, म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या उष्णतेच्या किरणांत, तेजस्वी दिसावा. या युक्तिवादाचे बळ असे की त्यात निर्मात्यांची उंची, देव किंवा स्वभाव काहीच गृहीत धरावे लागत नाही. चूल पेटली की धूर येणार, स्वयंपाक कसलाही असो.

निर्माते नाहीसे झाले असतील तर प्रश्न अवघड होतो. एकसंध कवच आणि आतला तारा यांच्यात निव्वळ गुरुत्वाकर्षण शून्य असते; जरा धक्का लागला आणि सावरणारे कुणी नसले, तर कवच सरकत सरकत ताऱ्यावर आदळेल. थव्याचेही तसेच. कक्षा हळूहळू बिघडतात, घटक एकमेकांवर आदळतात, तुकडे आणखी तुकडे करतात आणि शेवटी धूळ उरते. कोण्णूरची शिळा कुणाच्या देखभालीविना हजारो वर्षे जागची हलत नाही. थव्याला मात्र रोज सांभाळणारा लागतो. म्हणून धडधाकट महारचना दिसलीच, तर निर्माते नुकते गेले असावेत, किंवा त्यांची यंत्रे अजून राबत असावीत, असे मानणे अधिक सयुक्तिक आहे.

उरलेली धूळ ओळखणे त्याहून कठीण, कारण ताऱ्यांभोवती नैसर्गिक धूळही पुष्कळ असते. हंस तारकासमूहातल्या केआयसी 8462852 या ताऱ्याबाबत हेच झाले. गुरूएवढा ग्रह सूर्यासारख्या ताऱ्यासमोरून गेला तर प्रकाश सुमारे एक टक्का घटतो. इथे तो एकदा 22 टक्क्यांपर्यंत घटल्याचे केप्लर या अवकाश दुर्बिणीच्या नोंदींत दिसले. 2015 मध्ये ही माहिती प्रसिद्ध झाल्यावर महारचनेची शक्यताही चर्चेत आली. पुढच्या निरीक्षणांत निळा प्रकाश तांबड्यापेक्षा जास्त अडतो असे आढळले. अपारदर्शक भिंत सगळे रंग सारखेच अडवते. असा भेद बारीक धूळ करते. 2024 मध्ये सुमारे 50 लाख ताऱ्यांच्या नोंदी चाळून, जादा अवरक्त प्रकाशामुळे डायसन गोल असू शकतील असे सात तारे निवडले गेले. त्यांपैकी काहींच्या दिशेने रेडिओ स्रोत सापडले असून, जादा अवरक्त प्रकाश मागच्या धूळभरल्या दूरच्या दीर्घिकांचा असावा, असे त्यांवरून दिसते.