पऱ्हाटीत साप आहे का?

कपाशीचा हंगाम संपला की खानदेशात बांधाबांधावर पऱ्हाट्यांचे ढीग लागतात. चुलीसाठी मोळी ओढायला आलेली बाई आधी काठीने ढीग खडखडवते, मगच हात घालते. साप दिसलाच तर ती मागे सरते, आरडाओरडा करून चार माणसं जमवते. खरी घालमेल होते ती हात कोपरापर्यंत आत गेलेला असतो आणि काहीच दिसत नसतं, तेव्हा.

ही घालमेल लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या संशोधकांनी चक्क मोजली. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या प्रयोगात ४५ जण संगणकावर एक खेळ खेळले. पडद्यावरच्या दगडाखाली साप आहे का, ते आधी ओळखायचं. साप निघाला की हाताला विजेचा दुखरा झटका. ताण मोजला तो घामावरून आणि डोळ्यांच्या बाहुल्यांवरून. झटका बसणारच हे ठाऊक असताना होता त्यापेक्षा जास्त ताण, बसेल-न बसेल अशी निम्मी-निम्मी शक्यता असताना आढळला. भयपटाचा दिग्दर्शक ही निम्मी-निम्मी शक्यता शक्य तितकी ताणत नेतो.

अद्भुताचा भयपट मात्र इथे अडचणीत येतो. खुनाच्या सिनेमात गोळी लागली की माणूस मरतो, हे कुणाला शिकवावं लागत नाही. राक्षस आणि शापांच्या जगात काहीही घडू शकतं. आणि काहीही घडू शकत असेल, तर मेंदू अंदाज बांधणार कशावर? अंदाजच नसेल तर तो चुकण्याची धास्तीही नाही. म्हणून अशा सिनेमाला आपल्या जगाचे नियम आधी उघड करावे लागतात. आपल्या अर्ध्याअधिक हिंदी भूतपटांची माती इथेच होते. दर अर्ध्या तासाला भुताला नवी शक्ती मिळते, आणि प्रेक्षक पॉपकॉर्न आणायला उठतो. आपल्या आज्या जास्त हुशार होत्या. आसरा पाण्याच्या काठी, चकवा वाट चुकवणार, असं प्रत्येक भुताखेताचं काम आणि हद्द त्यांनी ठरवून दिलेली असायची.

राही अनिल बर्वे यांचा ‘तुंबाड’ (२०१८) या बाबतीत बघण्यासारखा आहे. त्यातला राक्षस हस्तर भुकेला आहे, त्याला पिठाची हाव आहे, पण पिठाच्या रिंगणात तो येऊ शकत नाही. एवढं कळलं की आपली नजर राक्षसावरून उठून त्या पिठाच्या रेषेवर खिळते. पीठ! आपल्याच घरच्या डब्यातलं. पाय सरकला, रेषा पुसली गेली तर? शेजारच्या खुर्चीतून ‘आते काय व्हई?’ अशी कुजबुज आली की समजावं, नियम गळी उतरलाय.

अशा वेळी शरीरही गमतीदार वागतं. भीतीने छाती धडधडते असं आपण म्हणतो, पण धोक्याकडे टक लावून स्तब्ध बसलेल्या माणसाच्या हृदयाचे ठोके पुष्कळदा मंदावतात. पळापळीची वेळ आली की ते उसळतात. दचकण्याचं आणखी वेगळं. अचानक मोठा आवाज झाला की पापणी सेकंदाच्या विसाव्या भागाच्या आतच मिटू लागते, कारण हा निरोप मेंदूच्या देठातूनच परस्पर स्नायूंना जातो. विचार करणाऱ्या भागाला विचारत बसत नाही. मात्र मनात आधीच भीती असेल तर अमिग्डाला नावाचा बदामाएवढा भाग या दचकण्याला जोर देतो. तोच आवाज विनोदी सिनेमात नुसता कानाला खुपला असता. दहा मिनिटं तंगवलेल्या प्रेक्षकाला तो खुर्चीतून उडवतो. नुसत्या धाडधाड आवाजांवर भिस्त ठेवणारे सिनेमे लवकर बोथट होतात त्याचं हेच कारण. दचकण्याची सवय होते, आणि आवाजामागे वाट बघायला लावणारं काही नसतं.

राक्षस पूर्ण दिसला की शंका संपते. उरते ती किळस किंवा नवल. म्हणून पटाईत दिग्दर्शक आधी हात दाखवतो, मग सावली, चेहरा सगळ्यात शेवटी. मोबाईलवर तर ही युक्तीही लंगडी पडते. रात्रीची लाईट आली म्हणून केळीला पाणी भरायला गेलेला मुलगा मोटारीच्या खोलीत असा सिनेमा लावतो खरा, पण पडदा तळहाताएवढा आणि थांबवायचं बटण अंगठ्याखाली. नको तो क्षण जवळ आला की तो सरळ बटण दाबतो आणि पाण्याचं बारं फुटलं का ते बघून येतो.