श्रद्धा, मानवाची उत्पत्ती आणि तंत्रज्ञानाचे भवितव्य यांवरील वाद

ईश्वर आहे का, माणूस कोठून आला आणि यंत्रे त्याला कोठे नेतील, या प्रश्नांवर ठरलेल्या नियमांनी, वेळ बांधून, श्रोत्यांसमोर केलेली खंडनमंडनाची चर्चा. तिन्ही विषय अनेकदा एकाच सभेत घेतले जातात, कारण तिन्हींच्या मुळाशी ‘माणूस म्हणजे नेमके काय’ हा प्रश्न आहे. मात्र त्यांच्या उत्तरांच्या वाटा वेगळ्या आहेत. ईश्वराचा प्रश्न मुख्यतः व्याख्येचा आणि तर्काचा, उत्पत्तीचा प्रश्न भूतकाळाच्या पुराव्याचा, तर तंत्रज्ञानाचा प्रश्न अंदाजाचा आहे. ही फोड आधी केली नाही, तर पुरावा मागावा तेथे धर्मग्रंथाचे वचन दिले जाते आणि अंदाज सांगावा तेथे खात्री दिली जाते.

न्यायसूत्रांनी, म्हणजे भारतीय तर्कशास्त्राच्या मूळ ग्रंथाने, चर्चेचे तीन प्रकार मानले आहेत. तत्त्व जाणून घेण्यासाठी होतो तो वाद, जिंकण्यासाठी होतो तो जल्प आणि स्वतःचा पक्ष न मांडता समोरच्याचा नुसता पाडाव करते ती वितंडा. वक्तृत्व स्पर्धेतली चर्चा बहुधा जल्पच असते. त्यात वावगे काही नाही. फक्त तिचा निकाल म्हणजे सत्याचा निकाल नव्हे. घात करते ती वितंडा. ‘या जीवाश्माचे काय? आणि त्या अवयवाचे काय?’ असे विचारत राहायचे आणि स्वतःचे एकही स्पष्टीकरण पुढे ठेवायचे नाही, ही तिची नेहमीची चाल. म्हणून दोन्ही बाजूंचे म्हणणे प्रत्येकी एका वाक्यात लिहून घेतल्याशिवाय सूत्रसंचालकाने सभा सुरू करू नये.

श्रद्धेच्या वादात पहिले काम व्याख्येचे असते. १९४८ मध्ये बीबीसी रेडिओवर जेझुइट या ख्रिस्ती संघाचे तत्त्वज्ञ फ्रेडरिक कोपलस्टन आणि तत्त्वज्ञ बर्ट्रंड रसेल यांची ईश्वराच्या अस्तित्वावर चर्चा झाली. तिच्या सुरुवातीलाच ‘ईश्वर म्हणजे जगाहून वेगळी, जगाची निर्माती, सर्वोच्च व्यक्तिरूप सत्ता’ या अर्थावर दोघांनी एकमत करून घेतले. त्यामुळे मतभेद कोठे आहे ते स्वच्छ दिसले: संपूर्ण विश्वाचे कारण विचारण्याला काही अर्थ आहे का, यावर. व्याख्या सोडली की एक जण सगुण देवाबद्दल बोलतो, दुसरा निसर्गनियमांना देव म्हणतो आणि दोघेही तासाभरानंतर जागच्या जागी असतात. दुसरी गल्लत याहून जास्त आढळते. श्रद्धेमुळे माणसाला आधार मिळतो हे विधान खरे असले, तरी ते श्रद्धेच्या विषयाचे अस्तित्व सिद्ध करत नाही. आणि धर्माच्या नावाने अत्याचार झाले एवढ्याने ते खोटेही ठरत नाही. उपयोग आणि सत्यता यांसाठी दोन वेगळे ठराव हवेत.

या विषयातले युक्तिवाद जुने आणि चांगले घासलेले आहेत. नैयायिक उदयनाचार्यांनी न्यायकुसुमांजली या ग्रंथात ‘जग हे कार्य आहे, म्हणून त्याला कर्ता हवा’ असा हेतू, म्हणजे कारण, दिला. घट दिसला की कुंभार मानावा लागतो तसे. त्यावरचा आक्षेपही तितकाच नेमका आहे: कुंभार घट घडवताना आपण पाहतो, जग घडताना कोणी पाहिलेले नाही, शिवाय कुंभाराला शरीर असते. प्रतिपक्षाचे म्हणणे आधी त्याला पटेल अशा शब्दांत मांडायचे आणि मगच उत्तर द्यायचे, ही पूर्वपक्षाची शिस्त आजही सर्वांत उपयोगी आहे.

मानवाच्या उत्पत्तीच्या वादात शब्दच्छल फार चालतो. नेहमीच्या बोलण्यात ‘थिअरी’ म्हणजे अटकळ. विज्ञानात मात्र अनेक स्वतंत्र पुराव्यांना एकत्र बांधणारे, तपासलेले स्पष्टीकरण. वक्त्याने एका अर्थाने उच्चारलेला शब्द दुसऱ्या अर्थाने पकडणे याला न्यायशास्त्रात वाक्छल म्हणतात. ‘उत्क्रांती ही तर नुसती थिअरी’ हे त्याचे चालू उदाहरण. ‘माणूस माकडापासून झाला, मग माकडे अजून कशी?’ हा प्रश्नही चुकीच्या विधानावर उभा आहे. माणूस आणि चिंपँझी यांचा पूर्वज समान होता, एवढेच विज्ञान सांगते. चुलतभाऊ हयात असतो म्हणून आजोबा नव्हते असे होत नाही.

पुरावे वीस देण्यापेक्षा एकच शेवटपर्यंत न्यावा. गुणसूत्रांचा पुरावा यासाठी चांगला. माणसात गुणसूत्रांच्या २३ जोड्या, चिंपँझी, गोरिला आणि ओरांगउटान यांच्यात २४. पूर्वज समान असेल, तर एका जोडीचा हिशेब लागला पाहिजे. अख्खी जोडी नाहीशी झाली असती तर जीव जगलाच नसता, म्हणजे दोन गुणसूत्रे जुळलेली सापडली पाहिजेत. मानवाच्या दुसऱ्या गुणसूत्रात तसेच आढळते. एरवी गुणसूत्राच्या टोकाशी असणारा टेलोमिअरचा क्रम तेथे मधोमध आहे, तोही समोरासमोर जुळलेला, आणि एका चालू सेंट्रोमिअरसोबत (पेशी विभागताना गुणसूत्र जेथे धरले जाते तो भाग) दुसऱ्या, निकामी झालेल्याचे अवशेष आहेत. येथे जाणकार प्रतिपक्षी म्हणेल, ‘जुळणी मान्य, पण ती मानवाच्याच वंशात झाली, नाते कोठे सिद्ध झाले?’ आक्षेप रास्त आहे. त्याचे उत्तर जुळणीत नसून तिच्या दोन्ही बाजूंच्या भागांत आहे: ते चिंपँझीच्या दोन स्वतंत्र गुणसूत्रांशी रंगवल्यावर दिसणाऱ्या पट्ट्यांच्या रचनेत आणि जनुकांच्या क्रमात जुळतात. हे उत्तर तयार नसलेला वक्ता येथेच अडकतो.

इंग्लंडमधील पिल्टडाउनची कवटी या वादात हमखास पुढे येते. माणूस आणि वानर यांच्यामधला म्हणून १९१२ मध्ये जाहीर झालेला हा ‘दुवा’ १९५३ मध्ये बनावट ठरला. मानवी कवटीला ओरांगउटानचा जबडा जोडून दात कानशीने घासले होते. ही फसवणूक झालीच नाही असे भासवू नये. ती शास्त्रज्ञांनीच, हाडांतील फ्लोरिन मोजून आणि दात सूक्ष्मदर्शकाखाली पाहून, उघड केली हेही सांगावे. आणि आजची मांडणी तिच्यावर उभी नाही हे दाखवावे. मोरोक्कोतील जेबेल इरहूद येथील सुमारे ३ लाख वर्षांपूर्वीचे अवशेष किंवा इथिओपियातील सुमारे ३२ लाख वर्षांपूर्वीचा ‘ल्यूसी’ हा मानवसदृश सांगाडा यांचे वय खडक आणि अवजारांच्या स्वतंत्र कालमापनातून ठरले आहे.

तंत्रज्ञानाच्या भवितव्यावरचा वाद बहुतेक वेळा ठरावातच बिघडतो. ‘यंत्रे माणसाला मागे टाकतील’ हा ठराव कधीच खोटा ठरू शकत नाही, म्हणून निरुपयोगी. अंदाजाला मुदत, मोजमाप आणि तपासण्याची रीत हवी. अ‍ॅलन ट्युरिंग या गणितज्ञाच्या १९५० च्या निबंधात ती दिसते. ‘यंत्र विचार करू शकते का’ हा धूसर प्रश्न बाजूला ठेवून त्यांनी लेखी प्रश्नोत्तरांची कसोटी सुचवली आणि म्हटले की सुमारे ५० वर्षांत सामान्य प्रश्नकर्त्याला ५ मिनिटांच्या चौकशीनंतर माणूस आणि यंत्र अचूक ओळखण्याची शक्यता ७० टक्क्यांहून अधिक उरणार नाही. पुढे त्यांनी आपल्या म्हणण्यावरचे ९ आक्षेप उत्तरासाठी घेतले, त्यांतला पहिलाच धार्मिक होता: विचार हे आत्म्याचे कार्य, आणि आत्मा ईश्वराने फक्त माणसाला दिला. त्यांचे उत्तर श्रद्धावंताच्याच भूमीवर उभे होते: असे म्हणणे म्हणजे ईश्वराच्या सर्वशक्तिमत्तेलाच मर्यादा घालणे नव्हे का? तिन्ही विषय एकत्र घ्यायचेच असतील तर सुरुवात येथून करावी.

मुदत दिली की चूकही मोजता येते. कृत्रिम बुद्धिमत्तेचे संशोधक हर्बर्ट सायमन यांनी १९५७ मध्ये दहा वर्षांत संगणक बुद्धिबळाचा जगज्जेता होईल असे भाकीत केले. ‘डीप ब्लू’ या संगणकाने तेव्हाचे जगज्जेते गॅरी कास्पारॉव्ह यांना सामन्यात हरवले १९९७ मध्ये. दिशा बरोबर, वेळ चौपट.

सभेचे गणित. दीड तासात दोन-दोन वक्ते बसतात: प्रत्येकाला १० मिनिटे, प्रत्येक बाजूला उलटतपासणीची ८, श्रोत्यांच्या प्रश्नांना २०, समारोपाला प्रत्येक बाजूस ५ आणि उरलेली ४ मतदानाला. उलटतपासणी कापू नये, कारण ‘गिश गॅलप’वर तोच उतारा आहे. सृष्टिवादी, म्हणजे उत्क्रांती नाकारून ईश्वरानेच जीव निर्माण केले असे मानणारे, वक्ते ड्वेन गिश यांच्या नावाने ओळखली जाणारी ही चाल म्हणजे आक्षेपांचा भडिमार. दहा मिनिटांत २० आक्षेप फेकता येतात. प्रत्येकाचे प्रामाणिक उत्तर दोन मिनिटांचे धरले तरी ४० मिनिटे लागतात. सगळ्यांना उत्तर देत बसू नये. ‘यांतला तुमचा सर्वांत भक्कम आक्षेप कोणता, आणि तो पडला तर मत बदलाल का?’ एवढे विचारून त्या एकावर वेळ घालवावा.

मत कशाने बदलेल, हा प्रश्न दोन्ही बाजूंना जाहीरपणे विचारावा. २०१४ मध्ये सृष्टिवादी केन हॅम आणि विज्ञानप्रसारक बिल नाय यांच्या वादात तो श्रोत्यांकडून आला. नाय यांनी पुरावा म्हटले. हॅम यांनी ईश्वराचे वचन खोटे असल्याचे आपल्याला कोणी पटवू शकणार नाही असे सांगितले. दोघांचे बाकीचे अडीच तास कसे ऐकायचे, ते या दोन उत्तरांवरून कळते.

मतदान दोनदा घ्यावे. आधी १०० पैकी ४० बाजूने, ३० विरुद्ध, ३० तटस्थ होते आणि नंतर ५० बाजूने, ४५ विरुद्ध, ५ तटस्थ झाले, तर बहुमत ठरावाच्या बाजूने असले तरी विरोधकांनी १५ मते मिळवली, समर्थकांनी १०. सभा विरोधकांची.

लेखी किंवा ध्वनिमुद्रित नोंद मात्र हवीच. ३० जून १८६० रोजी ऑक्सफर्ड येथे बिशप सॅम्युअल विल्बरफोर्स आणि उत्क्रांतीचे समर्थक थॉमस हक्स्ली यांच्यात उत्क्रांतीवरून खटका उडाला, पण शब्दशः टिपण कोणी ठेवले नाही. ‘तुमचे माकडाशी नाते आजीकडून की आजोबांकडून’ हा बिशपचा प्रसिद्ध टोला आणि त्याचे उत्तर प्रामुख्याने नंतरच्या पत्रांतून व आठवणींतून जुळवलेले आहे. तेव्हा दोन्ही गटांना आपणच जिंकलो असे वाटले होते.