मस्की फिशिंग

मस्की, पूर्ण नाव मस्केलंज, हा पाइक कुळातला सगळ्यात मोठा मासा आणि मूळचा फक्त उत्तर अमेरिकेचा, ग्रेट लेक्स, सेंट लॉरेन्स, वरची मिसिसिपी आणि ओहायो नदीचं खोरं हे त्याचं घर. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्याने १९५५ मध्ये त्याला राज्याचा मासा केलं. पाइकशी गोंधळ होतोच, पण खूण सोपी आहे, पाइकच्या गडद अंगावर फिकट ठिपके असतात आणि मस्कीच्या फिकट अंगावर गडद ठिपके किंवा पट्टे. 'दहा हजार कास्टचा मासा' म्हणतात याला, कास्ट म्हणजे गळ फेकणं, दिवसभर गळ टाकून रिकाम्या हाताने परतणं यात नेहमीचंच, म्हणून कॅलेंडरपेक्षा पाण्याचं तापमान बघून जाणारा माणूसच इथे टिकतो.

वसंतात पाणी १० ते १५ अंश सेल्सिअस झालं की मस्की उथळ पाण्यात येऊन पाणगवतावर अंडी सोडतात आणि निघून जातात, राखण कोणीच करत नाही. म्हणून उत्तरेत बऱ्याच ठिकाणी तेव्हा बंदी असते, मिनेसोटा राज्यात सीझन जूनच्या सुरुवातीला उघडतो. तेव्हा मासे अजून उथळातच आणि दमलेले असतात, लहान लुअर, म्हणजे गळ लावलेलं खोटं आमिष, हळू ओढलेला बरा.

उन्हाळ्यात मासे गवताच्या कडेला आणि बुडालेल्या खडकांवर दबा धरतात. बकटेल, म्हणजे दोन मोठ्या फिरत्या पात्यांचा केसाळ लुअर, जोरात ओढायचा, संध्याकाळी पाण्यावर तरंगत खळखळ करणारा टॉपवॉटर लुअर. मस्कीची खोड अशी की तो लुअरच्या मागे मागे बोटीपर्यंत येतो आणि नुसता बघत राहतो. मग रॉडचं टोक पाण्यात खुपसून, हातभर दोर बाहेर ठेवून, पाण्यात मोठा इंग्रजी आठ काढायचा. वळण रुंद हवं कारण एवढा लांब मासा झटकन वळत नाही, आणि वेग कमी करायचा नाही, बरेचदा तो वळणावरच, अगदी पायाशी तोंड मारतो. मासा दिसला नाही तरी प्रत्येक कास्टनंतर आठ काढायचाच, कंटाळा करून चालत नाही.

पाणी २७ अंशांच्या वर गेलं तर मात्र गळ टाकूच नये असं माझं ठाम मत आहे. गरम पाण्यात झुंजून थकलेला मासा पोहत जाताना दिसतो आणि नंतर मरतो. एरवीही तो जाळ्यात, पाण्यातच ठेवायचा, लांब पकडीने गळ काढायचा, निघत नसेल तर कटरने तोडायचा, फोटो एकच आणि पटकन. १९६६ मध्ये मिनेसोटात सुरू झालेल्या मस्कीज इंक या मस्की पकडणाऱ्यांच्या संस्थेने मासा पकडून परत सोडून देण्याची ही सवय लावली, आणि आज तिथल्या बहुतेक पाण्यात ५४ इंचांखालचा मासा ठेवताच येत नाही.

शरदात पाणी गार होतं, वरखाली मिसळतं आणि मस्की खाऊन जड होतात. मोठे रबरी लुअर, आमिषाला जिवंत सकर मासा किंवा ट्रोलिंग, म्हणजे चालत्या बोटीमागे लुअर ओढत नेणं. नोव्हेंबरात सिस्को मासे अंडी घालायला खडकाळ किनाऱ्याला येतात, मस्की त्यांच्या मागे. तेव्हा रॉडच्या कड्यांमध्ये बर्फ धरतो, कास्ट करण्याआधी तो बोटाने फोडायला लागतो.

नद्यांमध्ये मासा जोराचा प्रवाह टाळून पडलेल्या ओंडक्यामागे किंवा संथ डोहात थांबतो. उत्तरेचे तलाव गोठले तरी व्हर्जिनियातली न्यू नदी चालू असते, तिथे भर थंडीतही लोक मस्कीमागे असतात.